खिचडी शिजेपर्यंतचा तास

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी निरोप आणणाऱ्याला विचारलं, कुठल्या कामाबद्दल? मानधन मिळायचं ते खिचडी शिजवायचं. आणि सहावी-सातवीच्या पोरांना धडा वाचायला शिकवायचं काम केलं, ते फुकट. तो म्हणाला, दुसरं लिहा, खिचडी सगळ्यांना माहीत असते. बरं म्हणाले. मी चौथी पास आहे. पुढं शिकले असते तर काय झालं असतं, वगैरे मी लिहिणार नाही. काय झालं असतं ते कुणाला माहीत?

आमचं गाव दौंड तालुक्यात, पाटसपासून आत. शाळा पहिली ते सातवी. सरकारनं शाळेत शिजवलेली खिचडी सुरू केली ती पहिली ते पाचवीला. सहावी-सातवीला खिचडी नव्हती, वास होता. माझी पत्र्याची शेड नेमकी त्यांच्या खिडकीला लागून. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसायचे, एकतीस पोरं, आणि साडेबारा वाजले की एकतीस नाकं खिडकीकडं वळायची. पातेल्याच्या तळाची खरवड मी त्यांना द्यायची. नियमात बसत नव्हतं, पण खरवडीचा नियम कुणी केलेलाही नव्हता.

आमच्या बौद्धवस्तीतल्या बाईच्या हातचं नको म्हणून काही घरांतली पोरं पहिल्या आठवड्यात डबा आणायची. दुसऱ्या आठवड्यात डबे बंद झाले. खिचडी चांगली होती. यावर एवढंच.

त्या खोलीचे मास्तर बोराटे गुरुजी. मुख्याध्यापकही तेच. मतदार याद्या त्यांच्याकडं, पोलिओचे डोस त्यांच्याकडं, दौंडची मीटिंग आणि टपाल त्यांच्याकडं. माणूस वाईट नव्हता, फक्त जागेवर नसायचा. धड्याखाली पाच प्रश्न असायचे. गुरुजी फळ्यावर पाच उत्तरं लिहून जायचे आणि पोरं पाठ करायची. पहिल्या प्रश्नाला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. धडा मधे आडवा आला तर ओलांडून पुढं जायचं.

एकदा केंद्रप्रमुख आले. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे हे साहेब. धडा होता एका मास्तरांचा. ओढ्याला पूर आलाय, तरी मास्तर पाण्यातून शाळेत येतात, असा. साहेबांनी प्रश्न खालून वर विचारायला घेतले.

“गुरुजी पुरातून शाळेत का आले?”

सहावीतला दत्ता ताडकन उठला. “चार मैल, सर.”

शेवटी विचारलं, “गुरुजींचं घर शाळेपासून किती लांब होतं?”

“कर्तव्यनिष्ठा, सर.”

मी शेडमध्ये इतकी हसले की हातातला डाव पातेल्यात बुडाला.

“कोण हसलं?” साहेब खिडकीत आले.

“मी. साहेब, पोरांनी धडा वाचलाच न्हाई.”

“मग तुम्हीच वाचून घ्या!” साहेब चिडून म्हणाले आणि फटफटीवर बसून गेले. साहेब रागानं बोलले होते. गुरुजींनी तो आदेश धरला. दुसऱ्या दिवसापासून तांदूळ वैरले की शिजेपर्यंतचा पाऊण तास माझा.

आता ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पोराला अक्षर वाचता आलं म्हणजे धडा वाचता आला, असं नसतं. दत्ता पेपर घडाघडा वाचायचा आणि काय वाचलंस म्हटलं की पुन्हा घडाघडा वाचायचा. मला शिकवायची कुठली रीत माहीत नव्हती. मला नळ माहीत होता. नळावर बायका बातमी कशी घेतात? कोण आलंय, कुणाकडं आलंय, त्याला काय पाहिजे, तोंडानं काय म्हणतोय, आणि तुला कसं कळलं, स्वतः बघितलंस का? जिनं स्वतः बघितलेलं नसतं तिची बातमी कुणी घेत नाही. तेच मी धड्याला लावलं. धड्यात बघितलं म्हणजे ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर कितीही गोड असो, बाद.

पुराच्या धड्यापासूनच सुरुवात केली. मास्तर पुरातून का आले? सगळे ओरडले, कर्तव्यनिष्ठा. म्हटलं, बोट ठेवा. एकतीस पोरं पानावर बोटं फिरवतायत आणि कर्तव्यनिष्ठा कुठं सापडेना. मग सातवीतली शीतल उठली. ही बोलायला जरा सावकाश, पण मान वाकडी करून विचार करायची.

“मावशी, मास्तर घरी भांडून आलेत.”

“कशावरून?”

“पहिल्याच ओळीत हाय. ‘पत्नी काही बोलली नाही. गुरुजी डबा न घेताच निघाले.’ भांडण नसतं तर बायको म्हणाली असती ना, पूर हाय, जाऊ नका?”

खोली हशानं फुटली. कुणी बाकावर हात आपटले, कुणी पोट धरलं. दत्ता म्हणाला, म्हंजी माझा बाप कुरकुंभच्या कंपनीत डबल शिफ्ट करतो ते पण कर्तव्यनिष्ठाच व्हय! मी हसू आवरत म्हटलं, शीतलचं उत्तर बरोबर का चूक ते लेखकाला विचारावं लागेल, पण बोट ठेवलंय तिनं. खरवड पहिली तिला.

त्या दिवसापासून पोरांना धडे वाचायचं वेड लागलं. राजा दिसला की राणी कुठाय विचारायची. साधू दिसला की त्याला जेवायला कोण घालतं ते शोधायची. एका कवितेत एक म्हातारी रोज दोन पाट मांडते आणि एकटीच जेवते. गाईडात लिहिलेलं, ‘म्हातारीचा एकटेपणा’. मी म्हटलं, एकटेपणा कुठं लिहिलाय, बोट ठेवा. कुणाला ठेवता येईना. बऱ्याच वेळानं दत्ता हळूच म्हणाला, “दुसऱ्या पाटावर ठेवू का?” ठेव म्हणाले. त्या दिवशी खिचडीत मीठ घालायचं राहिलं.

पुस्तक दिवाळीच्या आतच संपलं. एवढ्या तोंडांना वाचायला आणणार कुठून? मी सांगितलं, घरात छापलेलं जे सापडेल ते आणा. खताची पिशवी आली, ढेकणाच्या औषधाची चिठ्ठी आली, दशक्रियेचं कार्ड आलं. आणि तुळशीचं लग्न झाल्यावर लग्नपत्रिका आल्या, ढिगानं.

आमच्याकडच्या पत्रिकेसारखा वाचायला कागद नाही. नवरा-नवरीची दोन नावं, बाकी गावची साठ. वर आशीर्वाद कुणाचे, निमंत्रक कोण, कार्यवाहक कोण, कुणाचं नाव ठसठशीत आणि कुणाचं मुंगीएवढं. खाली ‘चिमुकल्यांची किलबिल’ म्हणून घरातल्या पोरांची नावं. कुणाचं नाव कुठं टाकायचं यावर पंधरा दिवस बैठका होतात. आणि छापून आल्यावर कुणी वाचत नाही, आपलं नाव तेवढं बघतात. आमची पोरं सगळं वाचायची. ह्या पत्रिकेत सोसायटीचा चेअरमन खाली गेला, म्हणजे निवडणुकीत ह्यांनी दुसऱ्याला मत दिलंय. ह्यात मामाचं नाव दोनदा आलंय, म्हणजे मांडव मामानं दिलाय. एकदा तर दत्तानं पत्रिका उलटी-पालटी करून सांगितलं, हे लग्न घाईत ठरलंय, कारण दोन चुलत्यांची नावं पेनानं घातलीत. हसून हसून माझी चूल विझायची.

आणि मग शीतलनं स्वतःच्या घरची पत्रिका आणली.

शीतलचे आजोबा म्हणजे आबा. गावातलं मोठं बागायती घर, आणि ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष. खिचडीला कोण बाई ठेवायची ते दर वर्षी त्यांची समिती ठरवायची. धाकट्या मुलाचं, म्हणजे शीतलच्या चुलत्याचं, बाळूचं लग्न होतं. शीतलनं पत्रिका बाकावर पसरली आणि मान वाकडी करून बघत बसली.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“दिसत न्हाई ते बघतीय, मावशी. आमची शिरूरची आत्या ह्यात न्हाई. तिच्या मालकांचं नाव न्हाई. किलबिलमध्ये आत्याची दोन पोरं न्हाईत. दूधवाल्याचं पोरगं हाय.”

मला थांबवता आलं असतं. खोटं कशाला सांगू, मला थांबवायचं नव्हतं. पोरगी न छापलेलं वाचत होती. ह्याच्यासाठी तर सगळं चाललेलं.

कारण गावातल्या मोठ्या माणसांना माहीत होतं. आमच्याकडं मुली बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करतात. हक्कसोड म्हणतात. करतात म्हणजे पुढं ठेवला की करतात. आबांच्या मुलीनं सही नाही म्हटलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, “घरी नेऊन वाचते आन् मग करते.” आबांना वाटलं, पोरीनं बापावर अविश्वास दाखवला. पत्रिकेतून नाव गेलं.

त्याच दिवशी दुपारी, घरी नवरीकडची माणसं पंगतीला बसलेली असताना, शीतलनं आजोबांना विचारलं, “आजोबा, ह्यात आत्या कुठंय? बोट ठेवा बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा शेडच्या दारात. धोतराचा सोगा हातात, चेहरा लाल.

“पोरास्नी वाचायला शिकवा म्हणलं, लोकांच्या घरात डोकवायला न्हाई.”

“आबा, तुम्हीच छापून वाटलंय. साडेसातशे घरांत गेलंय.”

“तोंड लई चालतंय. तुजा त्यो तास बंद. आन् जूनपासनं खिचडीला दुसरी बाई.”

खिचडीचं मी मनाला लावून घेतलं नाही. खुरपायला कुठंही गेले असते. पण तास जाणार म्हटल्यावर मला पहिल्यांदा राग आला. पोरांना कळलं तेव्हा तर त्यांनी खरवडही नको म्हणून सांगितली. म्हटलं, खावा, खरवडीनं काय घोडं मारलंय.

आबा नुसतं बोलून थांबणारे नव्हते. पंचायत समितीला अर्ज गेला, आणि आठवड्यात दौंडहून विस्तार अधिकारी आले. हे केंद्रप्रमुखांच्याही वरचे. उंच, बारीक, चष्मा कपाळावर. त्यांनी मला, गुरुजींना आणि एकतीस पोरांना समोर बसवलं आणि अर्ज काढला.

“तुम्ही म्हणे पोरांना काहीही वाचायला देता.”

“देते.”

“मग हाच देतो.” आणि त्यांनी तो अर्ज मोठ्यानं वाचला. मी ऐकलेला असा: “सदर मदतनीस या केवळ चौथी उत्तीर्ण असून त्यांच्या तासाला एकही मूल गैरहजर राहत नाही. तास संपल्यावरही मुले उठत नाहीत, त्यामुळे गणिताच्या तासास विलंब होतो. मुले घरी जाऊन दिसेल तो छापील कागद वाचतात व मोठ्यांना प्रश्न विचारतात. ही बाब गंभीर आहे. तरी सदर तास बंद करावा, ही विनंती.”

साहेबांनी कागद पोरांपुढं टाकला. “सांगा. लिहिणाऱ्याला काय पाहिजे?”

एकतीस डोकी कागदावर.

दत्ता उठला. “सर, लिहिणाऱ्याला तास चालू राहायला पाहिजे.”

“शेवटच्या ओळीत बंद करा म्हटलंय की.”

“ती एकच ओळ हाय, सर. वरच्या सगळ्या उलट्या हायत. एक पण पोरगं गैरहजर न्हाई, ही काय तक्रार असती व्हय?”

साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. “मग अर्ज का केला?”

शीतल म्हणाली, “सर, सहीचं अक्षर आजोबांचं हाय. ते आडवं असतंय. वरचं अक्षर उभं हाय. चिडलेला माणूस एक, लिहिणारा दुसरा.”

“मग लिहिणारा कोण?”

 पोरं नुसती फळ्याकडं बघायला लागली. फळ्यावर त्या दिवशीची तारीख, हजेरी आणि सुविचार होता, उभ्या, देखण्या अक्षरात. साहेबांनी फळा बघितला, अर्ज बघितला, पुन्हा फळा बघितला. बोराटे गुरुजींना खोकला आला तो थांबेना.

“साहेब,” गुरुजी खोकतच म्हणाले, “गावातले सगळे अर्ज मीच लिहितो. अध्यक्षांनी लिही म्हटल्यावर… मी खोटं काही लिहिलेलं नाही.”

साहेब आधी खांद्यानं हसायला लागले, मग आवाजानं. एकतीस पोरं, गुरुजी, मी, सगळे हसतोय. शेजारच्या वर्गातली पहिलीची पोरं दारात येऊन कारण न कळता हसायला लागली. वीस वर्षं झाली, तेवढं हसलेली मला परत आठवत नाही.

डोळे पुसून झाल्यावर साहेब परत साहेब झाले. म्हणाले, “बाई, नियमात तुमचा तास बसत नाही. समितीची हरकत नसेल तर मी काही बघितलं नाही. हरकत राहिली तर मला बंद करावाच लागेल. आठ दिवस थांबतो.”

आठ दिवसांत आबांची हरकत जायची म्हणजे कठीण. गुरुजी दोनदा जाऊन आले, आबा भेटले नाहीत. मी गेले नाही. मी माफी कशाची मागणार? पोरं मात्र रोज जरा जास्तच मोठ्यानं वाचायची, संपायच्या आधी पुरवून घ्यावं तसं.

सातव्या दिवशी तांदूळ नुकते वैरले होते. खिडकीतून बघते तर आबा वर्गाच्या दारात. पायताण बाहेर काढलेलं. पोरं उभी राहिली.

“बसा,” आबा म्हणाले. खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. “शिरूरचं हाय. मला वाचता येतंय, तीनदा वाचलं. ती काय म्हणती ते कळंना. तुमी न लिहिलेलं वाचता म्हणं.”

पत्र शीतलच्या हातात दिलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी डाव खाली ठेवून आत आले आणि मान हलवली. तिनं वाचलं.

“ती. आबांस शि. सा. न. पत्रिका मिळाली नाही, तरी माझी काही हरकत नाही. मी लग्नाला येणार नाही. बाळूला सांगा, ताई येणार नाही. हळदीसाठी पिवळी साडी घेतली होती, ती आता संक्रांतीला नेसेन, कारण मी येणार नाही. गाडी पाठवू नये. हळदीच्या दिवशी शिरूरहून सकाळी आठची एसटी आहे, ती दहाला दौंडला पोहोचते, पण मी येणार नाही.”

वर्गात एक दबका आवाज उठला, हसू दाबल्याचा. आबांनी पोरांकडं बघितलं.

“काय झालं हसायला?”

“आजोबा,” शीतल म्हणाली, “हिला यायचंय.”

“लिहिलंय कुठं तसं?”

“तुमीच बोट ठेवा ना.”

आणि त्या माणसानं ठेवलं. पोरांच्या बाकावर वाकून, चष्मा सावरत, एकेका ‘येणार नाही’वर. एक. दोन. तीन. चार.

“यायचं नसतं तर एकदा लिहून भागलं असतं,” शीतल म्हणाली.

“आन् यायचं न्हाई तर यष्टीचा टाइम कशाला इचारून ठेवलाय?” दत्ता म्हणाला. “गाडी पाठवू नका म्हणती, म्हंजी गाडीचा इचार तिनंच केलाय की आधी!”

मला वाटलं, आता आबा पत्र हिसकून घेतील. ते सरळ झाले आणि म्हणाले, “मग मी काय लिहू तिला?”

“लिहू नका, आबा,” मी म्हणाले. “तिला तुमचं लिहिलेलं वाचायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीतच हाय.”

हे बोलायला नको होतं. पण बोलले. आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून, अगदी थोडं, हसले.

“तास चालू द्या,” ते म्हणाले. “पर आमच्या घरचं कागद हितं आणायचं न्हाईत.”

“हा तुमीच आणलाय, आजोबा,” शीतल म्हणाली.

संध्याकाळच्या आत हरकत मागं घेतल्याचा कागद शाळेत आला, ह्या वेळी सगळाच आडव्या अक्षरात. तास पुढं काही वर्षं चालला, खिचडीही माझ्याकडंच राहिली. मग सरकारनं सहावी-सातवीलाही खिचडी दिली. पातेली दोन झाली, चुली दोन झाल्या, आणि मला वर्गात जायला वेळच राहिला नाही. पोटाला मिळालं हे बरंच झालं. पण वाचणारी पोरं मी स्वतःच्या हातानं जेवायला बसवली आणि तास संपवला, हे खरं आहे, आणि ते मला आवडलेलं नाही.

हळदीच्या दिवशी आबा साडेनऊलाच दौंडच्या स्टँडवर जाऊन बसले, जीप घेऊन, फेटा बांधून. दहा वाजले, अकरा वाजले. आबांना वाटलं, पोरांनी चुकीचं वाचलं. साडेअकराला शिरूरची एसटी आली आणि पिवळी साडी उतरली, मागून दोन पोरं आणि जावई. त्या सबंध पत्रात जशी लिहिली तशी खरी धरलेली एकच गोष्ट होती, एसटीची वेळ, आणि आमची चूक झाली ती तिथंच.